पुण्याचा बेत

कमलाबाईंनी तांदूळ पाखडता पाखडता हात आवरला आणि कान ओसरीकडे लावले. बाहेर बाजेवर बसून त्यांचा मुलगा रत्नदीप फोनवर बोलत होता. पलीकडे त्याच्या कापसाच्या जिनिंगमधला सोबती प्रफुल्ल होता.

“शनिवारी दुपारी पह्यले एका ठिकाणी जाईन. तिथी म्हणे आंब्याची बीअर भेटते. संध्याकाळी दुसरीकडे. अन् रविवारी आपल्या काजलच्या कारखान्यात. ते तं घरचंच हाय ना बे!” तो मोठ्यानं हसला. “क्राफ्ट बीअर म्हंतेत तिले. आपल्या इथल्या दारूबंदीसारखी लपूनछपून नाई. टेबलावर मांडून पितेत लोकं.”

कमलाबाईंनी सूप खाली ठेवलं.

रत्नदीप पितो हे त्यांना घरात सगळ्यांच्या आधी कळलं होतं. गाडी अंगणात आल्यावर स्टँड लावायला त्याला वेळ लागू लागला, तेव्हाच. मग तो आल्या आल्या पाठ वळवून पाणी पिऊ लागला, जेवताना मान वर करेनासा झाला. भैयाजींचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं, असंच सुरू झालं होतं. ते कसं संपलं, तेही कमलाबाईंनी पाहिलं होतं. सरकारी दवाखान्याच्या फरशीवर भैयाजींनी ओकलेलं रक्त त्यांनी स्वतःच्या पदरानं पुसलं होतं. पोळ्याला माहेरी गेलेली सून, वर्षाली, अजून समुद्रपूरहून परतली नव्हती. फोन केला की म्हणायची, “येईन आई, पाहू.” त्या ‘पाहू’चा अर्थ कमलाबाईंना समजत होता. पण मुलापाशी विषय काढायला त्यांची जीभ उचलत नव्हती. बोललं की ते खरं होईल, असं काहीसं त्यांना वाटायचं.

आणि याच कमलाबाईंनी एकेकाळी आपल्या गावातल्या, वडनेरातल्या, बायका गोळा केल्या होत्या. मोहाच्या दारूचे मटके नाल्याकाठी नेऊन फोडले होते. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना भर रस्त्यात उभं करून जाब विचारला होता. आजही कुठं भट्टी लागली की पोलिसांच्या आधी त्यांना निरोप यायचा. पुढं त्यांची लेक काजल शिकली, पुण्याला गेली आणि बीअर तयार करायच्या नोकरीला लागली, तेव्हा त्या तिच्याशी महिनाभर बोलल्या नव्हत्या. नंतर बोलू लागल्या, पण ‘कामाचं कसं चाललं’ हे त्यांनी कधी विचारलं नाही.

दुपारी तानाबाई कुंपणापाशी आली. मटके फोडताना ती कायम कमलाबाईंच्या शेजारी असायची.

“कमला, खरं हाय का वं? रत्नदीप पुण्याले बीअर प्याले चालला म्हणे. चौकात साऱ्याइले सांगून राह्यला.”

“काजलले भेटाले चालला,” कमलाबाई म्हणाल्या.

“तेच तं. बहीण बनवते अन् भाऊ पितो.” तानाबाई हसली. मग कमलाबाईंचा चेहरा पाहून तिनं हसू आवरलं आणि निघून गेली.

कमलाबाई घरामागं गेल्या. परसातल्या सांदवाडीत तुरीच्या झाडांआड उभं राहून त्यांनी काजलला फोन लावला. घाईत दोनदा चुकीचं नाव दाबलं गेलं.

“काजल, त्याले नको बोलावू.”

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. “आई, येऊ दे ना त्याले.”

“तुले माहीत नाई तो इथी काय करून राह्यला.”

“माहीत हाय.”

“अन् तरी बोलावतेस?” कमलाबाईंचा आवाज चिरकला. “इथी निदान लपवा लागते त्याले. कोणाचं तरी भेव असते. तिथी कोण अडवीन? तुया बापाले असंच कोणीतरी प्रेमानं बोलावलं होतं, काजल.”

“मी हाय ना तिथी,” काजल हळूच म्हणाली. “आई, तू बी ये. तुयं तिकीट काढलं हाय मी.”

“मी? तुया त्या कारखान्यात? मी मेली तरी येणार नाई.”

त्यांनी फोन ठेवला. लेक एवढी निर्लज्ज कशी झाली, हे त्यांना कळेना. त्याहून कळेना की तिच्या आवाजात रडं कशाला होतं.

त्यानंतरचे दिवस रत्नदीपनं बेत रंगवण्यातच घालवले. पानठेल्यावर, जिनिंगमध्ये, केस कापायला गेला तिथंही. कोणती बीअर काळी असते, कोणती कडू, कोणत्या दुकानात गाणं-बजावणं असतं, सगळं त्याला तोंडपाठ झालं होतं. घरात मात्र तो गप्प असायचा. रात्री अंथरुणावर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहायचा. कमलाबाई पडल्या पडल्या ते ऐकायच्या. हा परत येईल तेव्हा कसा असेल, येईल ना, हाच विचार त्यांच्या डोक्यात फिरत राहायचा.

शुक्रवार उजाडला. रेल्वेगाडी रात्रीची होती, वर्ध्याहून. रत्नदीप न्हाणीत गेला तेव्हा कमलाबाई खोली झाडायला आत आल्या. बॅग दाराच्या वाटेत होती म्हणून त्यांनी ती उचलायला हात घातला. ती उचलेना.

दोन दिवसांसाठी कोण एवढं नेतो?

त्यांनी चेन ओढली. शर्ट, पँट, घरात घालायचे पायजमे, दोन टॉवेल, साबणाच्या वड्या, स्वेटर, चादर. तळाशी वर्षालीचा लग्नातला फोटो, रुमालात गुंडाळलेला. कमलाबाई जमिनीवरच बसल्या. हा परत येणार नव्हता. बायको गेली, आता हाही घर सोडून चालला होता, आणि बहिणीला ते ठाऊक होतं.

रत्नदीप दारात येऊन उभा राहिला. ओल्या केसांतून पाणी टपकत होतं. आईच्या मांडीवरचा स्वेटर पाहून तो तिथंच थबकला.

“कुठी चालला तू?” कमलाबाईंनी विचारलं. “खरं सांग.”

तो खाली बसला, त्यांच्यासमोर, लहानपणी जेवायला बसायचा तसा मांडी घालून.

“पुण्यालेच. तिथी एक केंद्र हाय. दारू सोडवाचं. महिनाभर ठेवतेत. काजलनं बोलून ठेवलं हाय.”

“मंग ते बीअरचं? साऱ्या गावाले सांगत फिरला ते?”

“जाचं कारण तं सांगा लागते ना लोकाइले. महिनाभरानं विचारलं तं म्हणीन, तिथीच काम भेटलं होतं.” तो बोटानं जमीन उकरत होता. “बीअर प्याले गेला म्हणलं तं हासतीन अन् सोडून देतीन. दारू सोडवाले गेला म्हणलं तं तुयं नाव घेतीन. कमलाबाईचाच पोट्टा, म्हंतीन.”

“अन् मले काऊन नाई सांगतलं?”

“सांगून मंग गेलोच नसतो तं?”

बाहेर कोणाची तरी बैलगाडी खडखडत गेली.

“आई, जमन का हे मले?”

भैयाजींनी किती वेळा शपथ घेतली होती, कोणाकोणाच्या डोक्यावर हात ठेवून, ते कमलाबाईंना आठवत होतं.

“मले भेव वाटते,” त्या म्हणाल्या.

“मले बी.”

त्यांनी स्वेटरची घडी घातली आणि बॅगेत ठेवला. मग फोटो नीट रुमालात गुंडाळून त्यावर ठेवला. “वर्षालीले फोन कर.”

“परत आल्यावर करीन.”

“आत्ता कर. मी बाहेर हाय.”

तो नंबर लावत असताना त्या उठल्या. ओसरीवर येऊन त्यांनी दार ओढून घेतलं. आतून त्याचा आवाज आला, अडखळत, आणि मग बराच वेळ वर्षाली बोलत असावी.

संध्याकाळी एसटीच्या थांब्याकडे निघताना रत्नदीपच्या खांद्यावर त्याची बॅग होती आणि हातात आईची पिशवी. कमलाबाईंनी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं; काजलनं काढलेलं तिकीट कामी आलं होतं. चौकात पानठेल्यापाशी चार-पाच माणसं बसली होती. समोरच्या ओट्यावर तानाबाई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली.

“अवं कमला, तू कुठी चालली?”

रत्नदीपची पावलं मंदावली. माणसं बोलायची थांबली. कमलाबाईंनी पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“पुण्याले. पोरासंगं, बीअरचा कारखाना पाह्याले.”