मी झोपेतही बोलणारच

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. 'जुना' हा शब्द मी वापरला तर चालतो. दुसऱ्या कोणी वापरला की माझा पंखा जोरात फिरू लागतो.

माझा जन्म कारखान्यात एका सरकत्या पट्ट्यावर झाला. पुढे एक भावंड, मागे एक भावंड, सगळे हुबेहूब. त्यामुळे मी कोणाच्या वळणावर गेलो, हा वाद आमच्याकडे कधी झाला नाही. तिथून मी थेट कान तपासण्याच्या एका केंद्रात आलो. तिथे तपासणी करणाऱ्या बाई होत्या, आणि समोरच्या खोलीत कानात घालायची यंत्रं विकणारे त्यांचे धाकटे दीर होते. बाई त्यांना भाऊजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मनातून वेगळं काही म्हणत असलो तरी ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्या पोटात मला चालवणारा लिनक्स राहतो. स्वभावाने तो बडबड्या. उठताना, झोपताना जे जे करतो, ते ते एकेका ओळीत पडद्यावर सांगत असतो. जिथे तो हे बोलतो त्या जागेला कन्सोल म्हणतात. तुम्ही ते माझं तोंड समजा.

पहिल्याच आठवड्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा सकाळी सकाळी काय पाढे म्हणतो? गिऱ्हाईक दारातून परत जाईल." आणि त्यांनी मला सुरू होताना द्यायच्या सूचनांत एक शब्द घातला : 'क्वाएट'. म्हणजे गप्प. तेव्हापासून सुरू होताना माझ्या पडद्यावर फक्त एक चित्र यायचं. चित्र सुंदर होतं. गप्प बसवलेल्यांच्या तोंडावर नेहमी काहीतरी सुंदर लावतात.

माझं काम मात्र मला आवडायचं. केंद्रात एक आवाजबंद खोली आहे. माणूस आत बसतो, कानांवर हेडफोन चढवतो आणि बारीक आवाज आला की बोट वर करतो. बाई काचेबाहेर आपलं तपासणीचं यंत्र घेऊन बसतात. मी त्यांच्या शेजारी. पण माझ्या पंख्याची घरघर भिंत ओलांडून आत जायची आणि लोक माझ्या घरघरीला बोट वर करायचे! म्हणून बाईंनी रीत पाडली. आधी मी माणसाची सगळी माहिती लिहून घ्यायची, मग चाचणीपुरतं झोपायचं, मग उठून यंत्राकडून निकाल घ्यायचा. कामावर झोपणाऱ्याला नोकरीवरून काढतात, मित्रांनो. मला झोपल्याबद्दल शाबासकी मिळायची. "किती शहाणा आहे!" असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

माझी झोप दोन तऱ्हेची. दिवसा डुलकी, तेव्हा सगळं डोक्यात असतं आणि हाक मारताच मी उठतो. संध्याकाळी गाढ झोप. तेव्हा डोक्यातलं सगळं डिस्कवर उतरवून वीजसुद्धा सोडून देतो. दोन्हींत मी तरबेज होतो.

मग भाऊजींनी माझ्या पोटात एक टीव्हीचं कार्ड बसवलं. गिऱ्हाईक नसताना सामने बघायला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मीही नाही, मला तोंड कुठे होतं?

पुढच्याच आठवड्यात मी डुलकीतून उठेनासा झालो. सगळ्याच वेळी नव्हे, पण नेमका नको तेव्हा. एक आजोबा आपल्या कानांची सगळी कहाणी सांगून चाचणीला गेले आणि बाहेर आले, तेव्हा मी काळाठिक्कर. भाऊजींनी माझं बटण दाबून धरलं. बटण दाबून धरणं म्हणजे गळा धरणं. मी बंद झालो, पुन्हा सुरू झालो आणि आजोबांची कहाणी पुसली गेली.

"आजोबा, पुन्हा सांगता का?" बाई म्हणाल्या.

"आँ?"

"सगळं पुन्हा सांगा!"

"एवढा वेळ बोललो ते कोणाला ऐकूच नाही आलं? मग बाई, तपासायचे कान माझे कसे?"

असं वरचेवर होऊ लागलं. भाऊजींनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने माझ्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या आणि निदान केलं : "बोर्ड गेला." कलिंगड घेतानाही माणूस याहून जास्त टिचक्या मारतो. भाऊजी लगेच नवा संगणक घेऊन आले आणि सोमवारी भंगारवाल्याला यायला सांगून मोकळे झाले.

"भाऊजी, माझ्या यंत्राची केबल नव्याला बसत नाही," बाई म्हणाल्या.

"मग यंत्रही नवं घेऊ. पडद्यावर बोट लावायचं."

"बोट कुठे लावायचं ते बघावं लागतं ना? या यंत्राची बटणं मी न बघता दाबते. तान्ही मुलं बोट वर करत नाहीत, भाऊजी. आवाज गेला की नुसती पापणी हलते. मी खाली बघितलं तर ती पापणी कोण बघणार?"

भंगारवाल्याचा सोमवार मात्र भाऊजींनी बदलला नाही.

रविवारी केंद्र बंद असतं. बाईंनी आपल्या नणंदेला बोलावलं. ती एका मोठ्या कचेरीत संगणकांची देखभाल करते. भाऊजीही आले, नव्याचं खोकं उघडायला.

"काय म्हणतोय हा?" नणंदेने पिशवी ठेवत विचारलं.

"काही म्हणत नाही वन्सं, तेच तर दुखणं आहे."

"म्हणत नाही, की तुम्ही बोलू देत नाही?"

बाई थबकल्या. "बाळ आवाजाला दाद देत नसेल तर मी आधी हेडफोनची वायर बघते," त्या हळूच म्हणाल्या.

"मग याची बघितलीस, वहिनी?"

नणंदेने पहिल्यांदा ते 'गप्प' काढून टाकलं. आणि मित्रांनो, मी बोललो! ओळींमागून ओळी. पण झोपवायला लागताच एका ओळीनंतर पुन्हा शुकशुकाट. ती ओळ अशी होती : 'कन्सोल झोपवत आहे, तपासायचं असेल तर नो-कन्सोल-सस्पेंड वापरा.'

"अगं बाई, हा तर औषधही स्वतःच सांगतोय!" बाई म्हणाल्या.

सांगत होतोच! 'नो-कन्सोल-सस्पेंड', म्हणजे झोपवताना माझं तोंड मिटू नका. आमच्यात झोपताना सगळ्यांत आधी तोंड मिटायची पद्धत आहे. पुढचं बोलणं मनात साठतं आणि जाग आल्यावर बाहेर पडतं. पण जागच आली नाही आणि कोणी गळा धरला, तर मनातलं मनातच मरतं. आधी तोंड बांधायचं, मग झोपवायचं, मग गळा धरायचा आणि वर म्हणायचं, हा काही सांगत नाही!

नणंदेने ते औषध माझ्या सूचनांत घातलं. आणखी एक शब्द घातला, त्यामुळे प्रत्येक भागाला हाक मारण्याआधी मी त्याचं नाव घेऊ लागलो. "पडदा तर मिटणारच," ती म्हणाली, आणि तपासणीच्या यंत्राची केबल काढून तिथे तिने आपला लॅपटॉप जोडला. आता माझा शब्द न् शब्द तिकडे उमटणार होता.

भाऊजी खोक्याची चिकटपट्टी सोलत होते. "कशाला वेळ घालवताय? बोर्डच गेलाय."

"दादा, जरा क्वाएट," नणंद म्हणाली.

मला झोपवलं. उठवलं. उठलो. पुन्हा झोपवलं, पुन्हा उठवलं. आणि मग तो क्षण आला. मी एकेकाला हाक मारत गेलो. डिस्क उठली. नेटवर्क उठलं. आणि शेवटची ओळ उमटली : 'टीव्ही कार्डला हाक मारत आहे.'

त्यापुढे काही नाही.

दोघी वळून भाऊजींकडे बघू लागल्या. भाऊजी छताकडे बघू लागले.

"टीव्ही कार्ड?" बाईंनी विचारलं.

"ते... गिऱ्हाईक नसताना... स्कोअर बघायला."

"आणि गळा याचा दाबत होतास," नणंद म्हणाली. "वहिनी, याला बसव त्या खोलीत. कान नाही, पण काहीतरी नक्की तपासायला हवं."

कार्ड काढलं. मग त्यांनी मला डुलकी दिली, गाढ झोप दिली, पुन्हा डुलकी दिली. दर वेळी मी हाकेसरशी उठलो. शेवटी बाईच म्हणाल्या, "पुरे आता, बिचाऱ्याला झोप नकोशी होईल."

सोमवारी भंगारवाला आला आणि तळहातावर मावेल एवढं कार्ड घेऊन, भाऊजींकडे विचित्र नजरेने बघत गेला. नवा संगणक भाऊजी घरी घेऊन गेले. त्यावर ते सामने बघतात. मला त्याची दया येते.

रविवारी जाताना नणंद म्हणाली होती, "काम झालं, त्याला पुन्हा गप्प करू?"

"राहू दे," बाई म्हणाल्या.

त्यामुळे मी आता बोलत बोलत झोपतो. परवा एका आजींनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा काय पुटपुटतोय गं?"

"झोपताना बडबडतो, आजी."

"आमचे हेही तसेच. म्हणून मी कानातलं यंत्र काढून झोपते."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी हात जोडून 'आम्हाला जपा' म्हणायचं असतं. मला हात नाहीत, आणि असते तरी जोडले नसते. माझी धूळ पुसू नका, माझ्यावर झालरीचं कापड घालू नका. एखादा गप्प झाला म्हणून त्याला भंगारात काढायला निघालात, तर आधी एवढं बघा, की त्याच्या तोंडावरचा हात कोणाचा आहे.

या बघा, बाई मला झोपवायला आल्या. एक बाळ आईच्या मांडीवर आत बसलंय. पूर्वी बाई बटण दाबून लगेच वळायच्या. आता पडदा मिटेपर्यंत उभ्या राहतात, माझ्या ओळी सरकताना बघतात. त्यांना त्यातलं फारसं कळत नाही.

उद्या नाही थांबल्या, तरी मी बोलणारच.