उत्तरेला तोंड

पहिल्या दगडावर उन्हाचा ठिपका होता – ज्वारीच्या दाण्याएवढा, बस तेवढाच – पण चुन्यानं पांढऱ्या केलेल्या त्या दगडावरून तो असा झणझणीत परतत होता की काळ्या गॉगलच्या आतसुद्धा प्रियांकाच्या डाव्या डोळ्यात कुणीतरी तिखटाचं बोट फिरवलं. तिनं मान वळवली, पाय पोटाशी घेतले. सासऱ्यांनी कडब्याच्या पेंढ्यांचे तीन थर रचून, वरून पऱ्हाट्या दाबून ही कोप उभी केली होती, तरी ऊन आलंच... त्याला कुणी आवतण द्यावं लागत नाही.

आज येळवस. थंडीतल्या या अमावस्येला सगळं बोरी गाव घरांना कुलपं लावून शेतात जातं. कडब्याच्या कोपीत पाच दगड मांडायचे, त्यांना पांडव म्हणायचं, भज्जी-आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग घरच्या थोरल्या सुनेनं आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, डोक्यावर घेऊन उभ्या पिकाभोवती फेरी मारायची. अमावस्या म्हटलं की लोक बिचकतात, प्रियांकाला अमावस्येएवढं जवळचं दुसरं काही नाही. पण हा सणही बघा, नाव अमावस्येचं आणि सगळा कारभार उन्हात. थोरली सून तीच. आणि गेली दोन वर्षं ही थोरली सून, खिडक्यांना खाकी कागद चिकटवलेल्या खोलीत, रिकाम्या गावातली कुत्री ऐकत बसली होती, बिंदगं धाकट्या जावेच्या, राजेश्रीच्या डोक्यावर गेलं होतं.

यंदा मात्र सासरे, किशनराव, जे एरवी दिवसाला चार वाक्यं बोलत असतील-नसतील, जेवता जेवता म्हणाले की थोरलीशिवाय कोपीत दिवा लागायचा नाही. झालं. पहाटे चांदण्या असतानाच नवऱ्यानं, हरिओमनं, तिला गोधडीत गुंडाळून गाडीवर मागं बसवलं आणि शेतात आणून कोपीत सोडलं – सूर्य बुडाला की परत न्यायचं, असं ठरलं होतं. अंधारात चाचपडून आत शिरताना तिच्या लक्षात आलं, कोपीचं तोंड उत्तरेला आहे. या घरात कोपीचं तोंड पूर्वेला असतं, पिढ्यान् पिढ्या, उगवतीचं पहिलं ऊन पांडवांच्या पायाशी यावं म्हणून. सासऱ्यांनी कुणाला न विचारता ते फिरवलं होतं. सकाळी सासूबाई, धुरपताबाई – ती त्यांना मामी म्हणते – आल्या, फिरवलेलं तोंड बघत कोपीपुढं उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, यंदा गव्हाला काई झालं तर माणसं कुणाचं नाव घेतील, ठावं हाय न्हवं?

माझंच घेतील. दुसरं कुणाचं घेतील?

हाताला चाळा म्हणून ती जुन्या लुगड्याचं फडकं पिळत बसली. बाहेर चूल पेटल्याचा वास आला, राजेश्रीच्या बांगड्या वाजल्या, कुणाच्या तरी शेतात गाणी लागली... तीन वर्षांपूर्वी याच रानात, कापूस वेचताना, तिचे गाल भाजल्यासारखे लाल झाले होते. संध्याकाळी ओठ सुजले, रात्री ताप, आठ दिवस सांधे असे धरले की पोळी मोडता येईना. उतरलं, पुन्हा रानात गेली, पुन्हा तेच. कुणी म्हणालं देवीचं आहे, कुणी बाहेरचं. मामींनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेवटी परभणीच्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं की हिला ऊन चालत नाही, उन्हातून आलेला नुसता उजेडसुद्धा नाही, आणि हे जाणारं दुखणं नाही. हरिओमनं मान डोलावली, येताना दोन छत्र्या घेतल्या. मग गॉगल, लांब बाह्या, ट्यूबलाइटच्या जागी झिरोचा बल्ब, आणि वेल्डिंगच्या दुकानापुढून कधी जायचं झालंच तर भिंतीकडं तोंड करून.

हे सगळं सोसता येतं हो. सोसत नाही ते एकच – न्हाणीच्या भिंतीपलीकडून ऐकलेलं मामींचं बोलणं. शेजारणीला सांगत होत्या: उन्हानं कुणी आजारी पडतं होय? मग आमी कवाच खपलो असतो. त्या दिवसापासून प्रियांकानं ते वाक्य उराशी धरलं. भांडी घासताना तेच, दळण निवडताना तेच. यांना मी नकोच आहे. मी सावलीत बसून सुख भोगते असं वाटतं यांना. एकदा न्या ना मला, एकदा म्हणा की चल... कुणी म्हणत नाही. कसे म्हणतील? राजेश्री आहे की, धडधाकट.

कोपीच्या तोंडावर लावलेली चादर हलली. शेजारच्या धुऱ्यावरच्या, बांधापलीकडच्या, मालनबाई पांडवांना हात जोडायला आल्या होत्या. चादर, अंधार आणि कोपऱ्यात कुणीतरी बसलेलं बघून त्या बिचकल्या, आणि बाहेर तोंड काढून विचारलं, आत बाळंतीण बसवलीय का काय? कुणीतरी हसलं. राजेश्रीच असावी. प्रियांकालाही हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं, आणि तिनं फडक्याचा आणखी एक पीळ घट्ट आवळला.

ठिपका तिसऱ्या दगडावर आला. म्हणजे दुपार. बाहेर ताटल्या वाजल्या, नैवेद्य आत आला, दिवा लागला – तो तिनंच लावला, तेवढ्यापुरती थोरली – आणि मग बाहेर गडबड शांत झाली. आता बिंदगं उचलतील. तिनं कान दिले. राजेश्रीचा पदर खोचला जाईल, हरिओम उगाच ‘सांभाळून’ म्हणेल, पावलं गव्हाच्या कडेनं दूर जातील. ही पावलं ऐकायला आणलं का मला? घरी निदान ऐकू तरी येत नव्हतं.

पण पावलं दूर गेली नाहीत. चादर बाजूला झाली, उजेडाची पात आत शिरली आणि मिटली, आणि मामी वाकून आत आल्या. भर उन्हातून आलेल्या. जागीच उभ्या राहिल्या, एक हात पुढं करून, डोळे उघडे ठेवून काहीच न दिसणाऱ्या माणसासारख्या.

“कुठं हायस गं? मला तर काईच दिसंना.”

प्रियांकाला सगळं दिसत होतं. मामींच्या कपाळावरचा घाम, पुसटलेलं कुंकू, हवेत चाचपडणारी बोटं. या अंधारात वावरायची सवय तिला होती, त्यांना नव्हती. क्षणभर तिला वाटलं, राहू द्यावं असंच, चाचपडू द्यावं जरा... मग तिनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. बसता बसता मामींचा हात तिच्या मांडीवरच्या फडक्यावर पडला. पिळून पिळून त्याची गोल चुंबळ झाली होती, बिंदग्याखाली डोक्यावर ठेवतात तशी. प्रियांकाच्याही आत्ताच ध्यानात आलं. मामींनी ती बोटांनी गोल फिरून चाचपली.

“चुंबळ करून बसलीस व्हय,” त्या हळूच म्हणाल्या. “भाईर वाकळ धरलीय चौघांनी, चार कोपरे धरून. तुज्या डोक्यावर धरतेत, बाजूनं लुगडी सोडल्यात. धुऱ्याधुऱ्यानं जाऊ. येतीस का?”

चादरीच्या खालच्या फटीतून चौघांचे पाय दिसत होते. हरिओमचे बूट, राजेश्रीची जोडवी, सासऱ्यांच्या भेगाळलेल्या टाचा, चौथे मालनबाईंचे असावेत. उन्हात उभे. किती वेळचे उभे होते कुणास ठाऊक.

येतीस का... दोन वर्षं ती ज्या शब्दाची वाट बघत होती तो हा. आता उठायचं, चुंबळ डोक्यावर ठेवायची. ती उठली नाही. आत काहीतरी चाचपून पाहिलं तर ते न्हाणीपलीकडचं वाक्य, जे रोज हाताशी असायचं, ते सापडेना. राग होता तोवर बरं होतं. नेत नाहीत म्हणता येत होतं. आता नेणारे दारात उभे होते, आणि रागाच्या खाली जे होतं ते तेवढं उरलं होतं – रात्रीचा ताप, आठ दिवस न वळणारी बोटं, वाकळीखालूनही मातीवरून उसळून येणारा तो पांढरा उजेड. आपण न्या न्या म्हणत होतो ते कुणी नेणार नाही या भरवशावर, की काय? तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही दमल्यासारखं वाटलं.

“मामी,” ती म्हणाली, “मला लय भ्या वाटायलंय.”

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. हरिओमलाही नाही, डॉक्टरला तर नाहीच.

चुंबळ अजून मामींच्या हातात होती. बाहेर राजेश्री म्हणाली, हात भरून यायलेत माजे, आणि सासऱ्यांनी तिला गप केलं.

“मग बसू की जरा,” मामी म्हणाल्या, आणि भिंतीच्या पेंढ्यांना टेकून तिच्या शेजारी सरकल्या. त्यांचे डोळे आता अंधाराला हळूहळू सरावत होते. ठिपका चौथ्या दगडाकडं निघाला होता.