दोन फोड जास्त

थोरलीचा मत्सर एवढा मोठा, की त्याला वेगळं अंथरूण घालावं लागे. धाकटीचं तोंड वाकडं झालं, तेव्हा तर तो छताला टेकला.

सकाळी धाकटी हसली आणि हसू डाव्या गालावरच थांबलं. उजवा गाल ढिम्म. उजवा डोळा मिटेना, दूध ओठातून ओघळे. "गार वारा लागला," आई म्हणाली. शिवणयंत्र बंद पडलं, आईची मांडी धाकटीची झाली. शेजारणी येऊन "अगं बाई" करून गेल्या. पहिला नंबर आला तेव्हाही थोरलीच्या वाट्याला एवढं "अगं बाई" आलं नव्हतं.

आजारी पडायचं तर चोख पडावं, म्हणून ती धाकटीला न्याहाळू लागली. धाकटी कानाला कुणाचा हात लागू देत नव्हती, केस पुढे ओढून बसे. दुपारी झोपेत केस सरकले, तर कानात लालसर फोड. एवढी चैन, आणि सांगितलीही नाही! थोरलीने आईचं नेलपॉलिश घेऊन आपला कान सजवला.

दवाखान्यात तीच तोंड वाकडं करून पुढे झाली.

"डोळे घट्ट मिट बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिने दोन्ही मिटले.

"तुझा वारा आला तसा गेला गं."

"मग कान बघा."

बाईंनी बॅटरी मारली. "हे नेलपॉलिश आहे."

"हो. तिचे खरे आहेत. पण माझे दोन जास्त आहेत."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी धाकटीचे केस हळूच बाजूला केले. "हिला कांजिण्या झाल्या होत्या?"

"तान्ही असताना," आई म्हणाली.

"तो विषाणू जात नाही, नसांत दडून बसतो. आता चेहऱ्याच्या नसेत उठलाय. वारा नव्हे हा. औषध आजच सुरू करू. उशीर झाला, तर गाल असाच राहायची भीती असते."

आईने थोरलीलाही जवळ ओढलं. मांडी अर्धीच मिळाली, पण मिळाली.

"मलापण औषध."

"तुला नेलपॉलिश काढायचं."

न मिटणाऱ्या डोळ्यात थेंब घालायचं काम मात्र थोरलीने बळकावलं. आईलाही बाटलीला हात लावू देईना. पुढे गाल सरळ झाला, डोळा आपसूक मिटू लागला. घर हरखलं. थोरलीची तेवढी नोकरी गेली.

आता धाकटी दोन्ही गालांनी हसते, आणि थोरली आरशात बघते, तिचं हसू आपल्याहून मोठं तर नाही ना.