मेक्सिकोचा निकाल

गजाननराव दामल्यांना मोटारींच्या शर्यतीत काडीचा रस नव्हता. सायकलवर टांग टाकतानासुद्धा देवाचं नाव घेणारा माणूस तो. तरी सिल्वासात ‘ग्रँड प्रिक्स’ हा शब्द आणला तो त्यांनीच. खरा उच्चार ‘ग्राँ प्री’, हे कॉलनीत दोघातिघांना माहीत होतं, पण कचेरीतल्या हेडक्लार्कला शिकवायला जाणार कोण?

त्यांचा एकुलता एक निलेश अठ्ठ्याऐंशी साली विलायतेला गेला, शर्यतीच्या एका छोट्या संघात मेकॅनिक म्हणून. गजाननरावांनी सत्यनारायण घातला, अख्खी कॉलनी जेवू घातली आणि सगळ्यांदेखत पोराला बजावलं, "नाव काढ, मगच तोंड दाखव." बापाने बोलायची एक रीत असते, तसं बोलून गेले बिचारे. पुढे शेजारच्यांच्या फोनवर त्याचे चार-दोन फोन आले. शेवटच्या फोनवर तो म्हणाला, "बाबा, आता संघाबरोबर देशोदेशी फिरावं लागणार. फोन जमायचा नाही." त्याला वर्ष उलटून गेलं.

गजाननरावांनी मग युक्ती काढली. शर्यत जिथे, तिथे निलेश. पेपरात निकाल आला की ते बायकोला, शैलजाताईंना, हाक मारून सांगत, "अगं, आपला मोनॅकोला पोचला." त्या पोळ्या लाटता लाटता विचारत, "थंडी असेल का हो तिकडे?" एवढ्यावर गजाननरावांचे पुढचे पंधरा दिवस सुखात जात.

आणि आला नव्वदचा जून. इटलीत फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला नि पेपरवाल्यांच्या अंगात आलं. पहिल्याच सामन्यात कॅमेरूनने जगज्जेत्या अर्जेंटिनाला लोळवलं, तिथून क्रीडापानावर दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही. कॅनडाची शर्यत कुठेतरी कोपऱ्यात सापडली म्हणायची. पण चोवीस तारखेची मेक्सिकोची? सोमवारी पानभर रडारड, अर्जेंटिनाने ब्राझीलला घरी धाडलं म्हणून. मंगळवारी पश्चिम जर्मनीची आरती. बुधवारीही तेच. शर्यत झाली की नाही, कोणी मेलं की जगलं, एक ओळ नाही.

"चेंडूपलीकडे काही दिसतच नाही का मेल्यांना?" गजाननरावांनी पेपर भिरकावला. त्यांना अन्न गोड लागेना. कोणीतरी पोराला पृथ्वीवरून पुसून टाकल्यासारखं त्यांना वाटत होतं.

"असेल हो कुठेतरी सुखरूप," शैलजाताई म्हणाल्या.

"तुला काय! तुझा जीव तुटत नाही त्याच्यासाठी."

शैलजाताई खाली मान घालून गवार मोडत राहिल्या.

गुरुवारी गजाननराव स्टँडवरच्या भिकाकडे गेले. भिका पेपर विकायचा. तो म्हणाला, "साहेब, पेपरात नाय भेटणार. इथं जवळच नरोलीला एक गॅरेजवाला आहे, तुमच्यासारखाच येडा. टेम्पोवाल्याच्या हाती माझ्याकडून गाड्यांचं इंग्लिश मॅगझिन मागवतो. त्याला समदं तोंडपाठ असेल."

जन्मात कधी अर्ध्या दिवसाची रजा न घेतलेला माणूस त्या दुपारी नरोलीला गेला. कामगारांच्या खोल्यांमागे पत्र्याचं गॅरेज होतं. एका टेम्पोखालून कोणाचे तरी पाय तेवढे बाहेर दिसत होते.

"अहो, जरा विचारायचं होतं," गजाननराव त्या पायांना म्हणाले. "मेक्सिकोची ग्रँड प्रिक्स झाली का? निकाल काही कळला?"

आत चाललेली खटपट थांबली. बऱ्याच वेळाने माणूस सरपटत बाहेर आला. ग्रीसने माखलेला, वाळलेला, पण निलेशच.

गजाननरावांना आधी नुसता आनंद झाला, खोटं कशाला बोला. पोरगं धड आहे, जिवंत आहे. ते त्याचे दंड चाचपत राहिले.

"संघ बुडाला, बाबा," निलेश म्हणाला. "शेवटचा फोन केला तो मुंबईहूनच."

"मग घरी नाही आलास?"

निलेशच्या मागे फळीवर जेवणाचा डबा होता. झाकणावर नाव कोरलेलं होतं: ग. वि. दामले. गजाननरावांनी झाकण उघडलं. आत वालाचं बिरडं होतं, रात्री त्यांनीही खाल्लेलं.

"आईला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. कॉलनीतही सगळ्यांना माहीत आहे." निलेश फडक्याला हात पुसत राहिला. "तुम्ही म्हणाला होतात, नाव काढ मगच तोंड दाखव. म्हणून तुम्हालाच तेवढं नाही दाखवलं. आता तुम्हाला कळलंय हे आईला सांगू नका, बाबा. ती फार जपते तुम्हाला. कळलं तर अंथरूण धराल म्हणते."

गजाननराव तिथेच एका टायरवर बसले. वर्षभर कोण कोणाची समजूत काढत होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं आणि लाजेने मान वर होत नव्हती.

"झालं गेलं," ते कसेबसे म्हणाले. "मी काही म्हणणार नाही. तू घरी येत जा रे."

"येतो की," निलेश म्हणाला. "तुम्ही कचेरीत गेलात की येतो."