न जळालेली उशी

दक्षिण आफ्रिकेतल्या कुरुमानच्या टेकड्यांत जून महिन्याची थंडी कोरडी असते, बोलायला तोंड उघडलं तरी आत धूळ जाते. केदिबोन्ये रोजच्यासारखी आपल्या दगडापुढे पाय पसरून बसली होती. डाव्या हाताने खडक धरायचा, उजव्या हाताने हातोडी हाणायची आणि खडकाच्या पोटातला ॲस्बेस्टॉसचा निळा धागा मोकळा करायचा. आजूबाजूला साठ बायका हेच करत होत्या. त्यांची पोरं निळ्या ढिगावरून घसरगुंडी खेळत होती. तिची मुलगी गाओने शेजारी बसून काम शिकत होती आणि गाओनेचा दोन महिन्यांचा तिरो गोणीवर निजला होता. त्याच्या डोक्याखाली आजीने शिवलेली उशी होती.

खाणीवर बाळ जन्मलं की आजीने उशी द्यायची, अशी इथली रीतच होती. त्यासाठी सगळ्यांत लांब, मऊ धागा निवडायचा आणि झग्यात लपवून घरी न्यायचा. केदिबोन्येची उशी चाळीत सगळ्यांत मऊ, असं बायका म्हणत आणि ते ऐकून ती मूठभर मांस चढल्यासारखी हसे.

एवढ्यात मोत्शाबी मुकादम शिट्टी फुंकत आला. माणूस त्यांच्यातलाच, पण डोक्यावरची टोपी कंपनीची.

"ऐका गं बायांनो! उद्या विलायतेहून मोठे साहेब येतायत, मडमेला घेऊन. आज पाण्याची गाडी येईल. सगळी जमीन भिजवायची. धुळीचा कण उडता कामा नये."

"प्यायला मागितलं तर गाडी मोडलेली असते," एक म्हातारी खेकसली. "आणि भुईला पाजायला बरी नीट होते!"

बायका हसल्या. मोत्शाबीला हसू आलं नाही.

"खोकणाऱ्या साऱ्या टेकडीमागं जाऊन बसायच्या. गाओनेची आई, तू पहिली. पाहुण्यांपुढं कुणी खोकलं तर संध्याकाळच्या आत तिचं घर रिकामं. मॅनेजरसाहेबाचा हुकूम आहे, मला बोल लावू नका."

घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, विहीरही कंपनीची. केदिबोन्येच्या लहानपणी या टेकड्यांवर सात मालकांच्या सात खाणी होत्या. एकीकडे पटलं नाही तर हातोडी उचलून दुसरीकडे जाता येई. मग विलायतेचा पैसा आला आणि त्याने साती खाणी एकेक करून गिळल्या. आता कुठेही जा, फाटकावर तीच पाटी. शहरात जावं तर काळ्या बाईला तिथे राहायचा सरकारी पास मिळत नाही. माल गेला, नफा गेला समुद्रापार. खोकला तेवढा इथे राहिला.

दुपारी तिरो ठसकला. लहानसाच, कोरडा ठसका, थंडीचाही असेल. पण केदिबोन्येची हातोडी थांबली. तिचा नवरा मरायच्या आधी दोन वर्षं असाच ठसकत होता. मिशनच्या दवाखान्यातली सिस्टर तेव्हा म्हणाली होती, "बाई, ही लोकर विस्तवातसुद्धा जळत नाही. छातीत गेलेली कशी विरघळेल?" केदिबोन्येला ते काही पटलं नव्हतं.

तिने नातवाच्या डोक्याखालची उशी ओढली आणि तडक घर गाठलं. चुलीवर आंबील रटरटत होती. भांडं उतरवून तिने उशी विस्तवात टाकली. कापड भडकन पेटलं आणि त्याची राख झाली. आतली लोकर जराशी काळवंडली, बस. तिने निखारे वर ओढले, डोळ्यांत पाणी येईतो फुंकलं. लोकर तशीच.

मागून गाओने धावत आली. "आई! उशी जाळलीस?"

"जाळली. पण जळली कुठं? बघ." केदिबोन्ये मटकन खाली बसली. "माझ्या हातानं मी विष भरलं गं त्याच्या उशाला."

"पण साहेबांना तरी हे ठाऊक असेल का?"

"तेच बघायचंय."

तिने सुईदोरा काढला, नवं फुलाफुलांचं कापड घेतलं आणि तीच लोकर भरून पुन्हा उशी शिवायला घेतली. तिचा बेत कळला तशी गाओने गयावया करू लागली, "टेकडीमागं जा ना गं आई! घर जाईल. पोराला घेऊन कुठं जायचं?"

"घर त्यांचं आहे," केदिबोन्ये म्हणाली. "नातू माझा आहे."

दुसऱ्या दिवशी जमीन ओलीचिंब होती. खोकणाऱ्या बायका टेकडीमागे गेल्या. केदिबोन्ये आपल्या दगडापुढे बसून राहिली. मोत्शाबीने डोळे वटारले, दात-ओठ खाल्ले. पण मोटार फाटकातून आत शिरली होती.

केदिबोन्येच्या छातीत खोकला वर येत होता. तिने जीभ दातांखाली दाबली. मॅनेजर पुढे, उंच म्हातारे साहेब मागे, आणि त्यांच्याबरोबर पांढऱ्या हातमोज्यांतली मडम. मडम पोरांकडे बघून हसत होती. गाओनेच्या पाठीवरच्या तिरोपाशी ती थांबली.

केदिबोन्ये उठली. "मुकादम, बाईंना विचार, नातवंड आहे का?"

मोत्शाबीच्या कपाळाला घाम फुटला, पण मडमच ‘ही बाई काय म्हणते?’ म्हणून विचारू लागली. त्याने विचारलं. मडमेला नात होती, गेल्याच महिन्यात झालेली.

"सांग त्यांना, आमच्यात आजी बाळाला उशी देते. आतली लोकर याच खाणीतली. ही त्यांच्या नातीला."

मडमेचा चेहरा उजळला. तिने दोन्ही हात पुढे केले. उशी तिच्या छातीशी लागते न लागते तोच साहेबांनी फटकन ती उडवली आणि ते ओरडले. शिवण उसवली, निळी लोकर वाऱ्यावर पसरली. साहेबांनी रुमाल नाकाला लावला, बायकोला दंडाला धरून मोटारीकडे ओढलं. ती बिचारी मागे वळून वळून पाहत होती. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

साऱ्या हातोड्या थांबल्या होत्या. आता केदिबोन्येने खोकला अडवला नाही, पोट धरून पोटभर खोकली.

"मुकादम," तिने विचारलं, "साहेब काय ओरडले?"

मोत्शाबीने टोपी काढली. आयुष्यभर त्याने साहेबांच्या बोलण्यावर साखर पेरली होती. आज त्याच्याकडे साखर नव्हती.

"हात लावू नकोस म्हणाले."

एक बाई उठली. तिने ढिगावरून आपलं पोर खाली ओढलं. मग दुसरी उठली, मग साऱ्याच.

संध्याकाळच्या आत केदिबोन्येचं सामान रस्त्यावर पडलं. पण चाळीतल्या बायका एकेक करून बाहेर आल्या आणि कंपनीच्या फाटकापाशी उशांचा ढीग घालून गेल्या. केदिबोन्येने आपली फाटकी उशी एका डब्यात घट्ट बंद केली, डबा डोक्यावर घेतला आणि लेक-नातवासह मिशनची वाट धरली. सिस्टरला लिहिता येत होतं. केदिबोन्येला तिच्याकडून एवढंच लिहून घ्यायचं होतं की साहेबांना माहीत होतं, आणि खाणीवरच्या बायकांनी ते पाहिलं.

वाचकहो, त्या धाग्याचे पत्रे देशोदेशी गेले, घराघरांवर चढले. आपल्या डोक्यावरचा पत्रा कुणाच्या छातीतून आला, हे एकदा वर बघून विचारा.