पाहुणी पर्स

मी एक जुनी पर्स आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, खोटी आहे. माझ्या अंगावर एका बड्या कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत आहे, पण त्या कंपनीने माझं तोंडही पाहिलेलं नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. कातड्याच्या जागी प्लास्टिक, पितळेच्या जागी मुलामा आणि शिलाईला कंटाळा आला तिथे डिंक. "लांबून खरी दिसली की झालं," मालक म्हणायचा. "जवळून बघायला वेळ कुणाला आहे?" मलाही ते पटायचं. दिसायला बरी आहे, कुणाच्या तरी खांद्यावर चार दिवस मिरवेन, असं वाटायचं.

विक्रेत्याने ऑनलाइन लिलावात फोटो मात्र खऱ्या पर्सचा लावला. एका आत्याची बोली जिंकली. तिच्या भाचीची नोकरी नुकतीच पक्की झाली होती, तिला द्यायला तिने मला घेतलं. आधी शेजारणीला दाखवून आली, मग मला छातीशी धरून भाचीच्या घरी पोचली.

आता नशिबाचा खेळ बघा. भाची त्याच लिलावाच्या साइटवर कामाला होती आणि तिचं काम होतं खोट्या पर्स पकडायचं. आत्याला एवढंच ठाऊक, की पोरगी कंप्युटरवर काहीतरी करते.

बाकीचे लोक नवी पर्स आधी खांद्याला लावून बघतात. हिने आधी चेन उघडली, नाक आत घातलं, मग अस्तर उलटं केलं. डिंकाचा वास आला आणि तिचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आवडली ना गं?" आत्याने विचारलं.

"खूप छान आहे, आत्या," भाची हसून म्हणाली. ते हसू माझ्या पितळेइतकंच खरं होतं.

तिने गुपचूप फोनवर शोधलं. त्याच विक्रेत्याने माझ्या आणखी एका बहिणीला लिलावात उभं केलं होतं आणि तो लिलाव संध्याकाळी संपणार होता. माल खपला की हा नाव बदलून पसार होणार. थांबवायचा तर आत्ताच. पण घरच्यांनी केलेल्या खरेदीबद्दल भाचीला स्वतः तक्रार करता येत नव्हती. ज्याने घेतली त्यानेच करायची, असा नियम होता. म्हणजे आत्याला सांगणं आलं. इकडे आड, तिकडे विहीर!

ती स्वयंपाकघरात गेली आणि ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला. तुम्हाला एक सांगायला हवं, त्यांच्या ऑफिसात खोट्या पर्सला 'पाहुणी' म्हणतात.

"अगं, घरात पाहुणी आलीय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "बघताक्षणी कळलं, एकदम हलकी. आता हिला घालवायची कशी, तेच सुचत नाहीये."

पाणी प्यायला उठलेली आत्या दारातच थबकली. ती तशीच मागे फिरली आणि चपला शोधू लागली.

"येते मी."

"अगं, आत्ताच तर आलीस!" भाची धावत बाहेर आली.

"पाहुण्याने किती बसायचं, ते त्याचं त्याला कळायला हवं. त्यातून हलक्या पाहुण्याने."

भाची पांढरीफटक पडली. गप्प बसावं तर आत्या कायमची तुटणार, बोलावं तर तिचं मन मोडणार. आत्याचा हात दाराच्या कडीवर होता. मी सोफ्यावर श्वास रोखून पडले होते.

"तुला नाही गं म्हटलं! हिला!" भाचीने माझ्याकडे बोट दाखवलं. "पाहुणी म्हणजे खोटी पर्स. आत्या, तुला फसवलंय कुणीतरी. त्याची अशीच दुसरी पर्स संध्याकाळी विकली जाईल, आणि तक्रार फक्त तुलाच करता येते."

आत्या मटकन खाली बसली.

"शेजारणीला दाखवून आले गं मी," ती म्हणाली. "हसतील सगळे. म्हणतील, म्हातारीला काय कळतंय."

"मग राहू दे. नको करूस तक्रार."

आत्याने डोळे पुसले. "आणि संध्याकाळी दुसरी कुणाची आत्या फसेल, तिचं काय? कुठे दाबायचं ते दाखव."

तक्रार झाली की खोट्या पर्सची गत काय होते, हे मला ठाऊक होतं. आत्याने माझ्या शिलाईचे, अक्षरांचे, अस्तराचे फोटो काढले. एका फोटोत नुसता अंगठाच आला. तक्रार गेली. पडद्यावर माझ्या बहिणीची बोली चढतच होती. दोघी एकमेकींचा हात धरून बघत राहिल्या. आणि एकदाची ओळ झळकली, 'हा लिलाव थांबवण्यात आला आहे.'

भाचीच्या ऑफिसात पाठवायला मला खोक्यात घालण्याआधी आत्याने एकदा खांद्याला लावलं आणि ती आरशासमोर उभी राहिली. "दिसते मात्र झकास, मेली," ती म्हणाली आणि खोक्याला तिने स्वतःच चिकटपट्टी लावली.

आता मी भाचीच्या ऑफिसात असते. माझं पोट कापून उघडं ठेवलंय आणि नवीन माणसं माझ्याकडे बघून शिकतात. इतक्या जवळून मला कधीच कुणी पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, मला जपा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? जपायचंच असेल, तर फसलेल्या माणसाला जपा. त्याला हसू नका. तो लाजून गप्प बसला, की आमच्या मालकाचं फावतं.