‘शे’चा अर्थ

खट्. दुपारची भांडी घासून झाली, घर गप्प झालं, की माझं बटण असं खाली जायचं आणि एक परदेशी बाई गाऊ लागायची. मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. धुळ्यात, देवपूरच्या एका दोन खोल्यांच्या घरात असतो.

माझा जन्म जपानमधला. इराकच्या बाजारात हिलालने मला घेतलं. तो तिथे पुलाच्या कामावर वेल्डर होता. कामावरच्या फ्रेंच साहेबाने त्याला एक कॅसेट दिली होती. सुटीवर येताना त्याने आम्हा दोघांना चादरीत गुंडाळून आणलं. अख्खी गल्ली मला बघायला आली. माझ्या चकचकीत दांडीला हात लावायला पोरं भांडली.

"गाण्याचा अर्थ काय हो?" त्याची बायको कमल विचारायची.

"प्रेमाचं आहे, एवढं कळतं. बाकी साहेबाला विचारून येतो."

तो परत गेला तेव्हा कमलच्या पोटात इंदू होती. मग तिकडे लढाई पेटली. त्याच्या जोडीचा मगन कसाबसा परतला आणि ओट्यावर बसून हिलालच्या आईला, भिकुबाईला म्हणाला, "माय, हिलाल नही ऱ्हायना. तठेच माती दिधी."

भिकुबाईने माझं बटण दाबलं. गाण्यात ती बाई पुन्हा पुन्हा ‘शे म्वा, शे म्वा’ म्हणते. आमच्या अहिराणीत शे म्हणजे आहे.

"आयक. ती काय सांगस? शे. मना हिलाल शे." मग सुनेकडे वळून म्हणाली, "कुंकू पुसू नको."

तेव्हापासून मी रोज वाजलो. नळावर बाया हसत, "हिना नवरा टेपमा जित्ता शे." कमल रोज कुंकू लावायची आणि रडणं घशातच ठेवायची. माझा पट्टा सैल झाला, फीत झिजली, बाईचा आवाज घोगरा झाला. मित्रांनो, आमच्यावरची धूळ जरूर पुसा, पण एवढं ओझं आमच्यावर टाकू नका. आम्ही ऐकलेलं फक्त परत म्हणतो. अर्थ माणसांना विचारा, ती समोर आहेत तोवर.

परवा शेजारी प्रमिलाबाई राहायला आल्या. त्या कॉलेजात फ्रेंच शिकवत. दारात उभ्या राहून त्यांनी गाणं ऐकलं. कमलने अर्थ विचारला.

"शे म्वा म्हणजे माझ्या घरी. ‘ये, माझ्या घरी ये,’ असं ती त्याला म्हणते आहे."

"तो येस का?" भिकुबाईने विचारलं.

"नाही, आजी. गाणं संपतं तरी येत नाही."

"म्हनजे तीबी वाटच दखी ऱ्हायनी," भिकुबाई म्हणाली. मग उठली आणि स्वतःच्या पदराने तिने सुनेचं कपाळ पुसलं.

इतक्या वर्षांत कमल पहिल्यांदा मोठ्याने रडली. सात वर्षांची इंदू तिच्या मांडीला चिकटून बसली होती. रडणं ओसरल्यावर तिने हळूच विचारलं,

"आई, ती बाई एवढं घरी बोलवत होती. बाबांना तिची भाषा येत नव्हती का?"